फोर-ए-वन-झिरो

मला सांगितलं गेलं ते एवढंच: अमेरिकेतल्या एका बँकेचं चाचणीचं मेनफ्रेम आहे, त्यात झेड/ओएस चालतं, झेड/व्हीएम चालतं, आता त्यांच्या शेजारी तुझं लिनक्स बसवायचं. चार वर्षं लिनक्सवर काढलेली मी. म्हटलं, व्हर्च्युअल मशीन तर बनवायचंय, चहा निवायच्या आत होईल. तीन आठवडे गेले.

आमच्या टीममधल्या सगळ्यांत ज्येष्ठ सरांना हिंजवडीचा सगळा मजला ‘काका’ म्हणतो. निवृत्त होऊन करारावर परत आलेले. मेनफ्रेममध्ये व्हर्च्युअल मशीनच्या जागी पार्टिशन असतं, एवढं मला कळलं होतं. मी उत्साहाने विचारलं, “काका, नवीन पार्टिशन बनवायचं बटण कुठंय?”

“बनवायचं नसतं गं,” काका म्हणाले. “आधीपासून असतं. नाव द्यायचं असतं.”

हे मला दोन दिवस कळलं नाही. मग त्यांनी यंत्राची रचना जिथे नोंदवतात त्या एचसीडीचा हिरवा पडदा उघडून दाखवला. यंत्रात कोणती चॅनेल्स, कोणते डिस्क-कंट्रोलर, कोणत्या पार्टिशनला कशाकडे जाता येईल, हे सगळं आयओडीएफ नावाच्या एका फाइलीत आधी लिहावं लागतं. आमचं झेड१४ झेडआर१ हे धाकटं यंत्र, तरी त्यात चाळीस पार्टिशन्स मावतात. वापरात नसलेल्यांच्या जागी नुसती चांदणी असते. त्यातली एक चांदणी पुसून तिथे आठ अक्षरांच्या आत नाव लिहायचं. झालं पार्टिशन. पण त्यात ना प्रोसेसर, ना मेमरी, ना डिस्क. नाव तेवढं आहे.

वर त्या एकाच पार्टिशनला ओळखीच्या तीन खुणा. एक नाव, एक एमआयएफ क्रमांक आणि एक पार्टिशनचा आयडी. दोन्ही आकडे हेक्समध्ये, दोन्ही वेगळे, आणि ते वेगळे का, हे मी विचारलं की काका म्हणायचे, “आत्ता नको.” मी वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही लिहून ठेवले आणि पुढे रोज त्या पानाशी गेले. नेटवर्क कार्डाचं तर आणखीच. लिनक्समध्ये कार्ड म्हणजे एक नाव. इथे ओएसए कार्डाला तीन पत्ते लागतात: वाचायला एक, लिहायला एक, प्रत्यक्ष माहितीसाठी एक. मी एकच दिला होता. काका हसले नाहीत, हे विशेष.

पार्टिशनांमध्ये भिंती घालणाऱ्या यंत्रणेचं नाव पीआर/एसएम, उच्चार ‘प्रिझम’. आयबीएमने ती १९८८ मध्ये ३०९० यंत्रांवर आणली. एका यंत्रात अनेक यंत्रं भासवायची कल्पना त्याहून जुनी. व्हीएम/३७० हे १९७२ चं, आणि हार्डवेअरच्या पातळीवर ॲमडाल कंपनीनेही आयबीएमच्या आधी ते करून दाखवलं होतं. पूर्वी यंत्र भिंतींशिवायही चालवता यायचं. २००३ च्या झेड९९० पासून ती सोयच काढून टाकली. म्हणजे एकटीच ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असली तरी तिने चार भिंतींतच राहायचं. मला हे जरा अतीच वाटलं होतं.

काकांनी समजावण्यासाठी वाड्याचा दाखला दिला. एक वाडा, वेगवेगळी बिऱ्हाडं. मी फ्लॅटमध्येही वाढले नाही आणि वाड्यातही नाही. पण वाड्यात कुणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं, एवढं मला ऐकून माहीत आहे. इथे तर झेड/ओएसला शेजारी लिनक्स आहे याचा पत्ताही नसतो. दाखला मला काही पटेना. पटेल असा दाखला मला ‘वेट’, म्हणजे वजन, नावाच्या आकड्यात सापडला.

मी साक्री तालुक्यातली. पांझरेच्या काठी फड पद्धत असते. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, आणि कुठल्या शेताला किती वेळ ते पाटकरी ठरवतो. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायचं नाही. एखाद्याला कमी लागलं तर पाणी पुढच्याला जातं, वाया जात नाही. प्रिझम म्हणजे हुबेहूब तो पाटकरी. एका पार्टिशनला वजन सहाशे, दुसऱ्याला तीनशे, तिसऱ्याला शंभर असं लिहिलं, की सगळ्यांनी एकदम मागितलं तर प्रोसेसरचा वेळ त्याच प्रमाणात वाटला जातो. कुणी झोपला असेल तर त्याचा वाटा बाकीचे घेतात. ‘कॅप’ची खूण केली असेल तर मात्र ठरल्यापेक्षा थेंबभर जास्त नाही. आणि एखादा प्रोसेसर कुणाला राखीव दिला, तर तो रिकामा राहील, पण शेजाऱ्याला मिळणार नाही. फडात असं कुणी केलं तर गावात भांडण लागेल.

माझी भीती अशी की माझ्या लिनक्सला वजन दिलं तर झेड/ओएसवाल्यांचा वाटा कमी होईल. तसं होत नव्हतं, कारण पाटच निराळा. लिनक्ससाठी आयबीएमने २००० साली आयएफएल हे खास प्रोसेसर आणले. आत चिप तीच, पण झेड/ओएस त्यावर चालत नाही. आयएफएलची वाटणी आयएफएलवाल्यांतच. पार्टिशनचा प्रकार ‘फक्त लिनक्स’ असा निवडलात तर पुढे तिथे झेड/ओएस चढवायचं नाव नको. या खुलाशाने मला दोन रात्री शांत झोप लागली.

मग रविवार आला. तिकडे शनिवार रात्रीचे अकरा, इकडे सकाळचे साडेआठ. निघताना आईचा फोन. “रविवारी कसलं ऑफिस?” “आज आयपीएल आहे आई.” “मग घरीच बघ की, एवढ्या लांब कशाला जातेस?” इनिशियल प्रोग्राम लोड, म्हणजे यंत्रातली सिस्टिम सुरू करणं, हे तिला मी अजूनही समजावलेलं नाही.

एचएमसीच्या, म्हणजे यंत्र चालवायच्या कन्सोलच्या, पडद्यावर यंत्राचं चित्र आणि त्याखाली पार्टिशनांची यादी. काकांनी पहिल्यांदा एकच गोष्ट तीनदा सांगितली: “तुझ्या पार्टिशनवर टिचकी मार. वरच्या ओळीवर नाही. वरची ओळ म्हणजे अख्खं यंत्र. तिथे ‘ॲक्टिव्हेट’ दाबलंस तर सगळं खाली जाऊन परत वर येऊ शकतं.” आणि खुर्ची ओढून त्यांनी आधी बाकीच्या सगळ्या पार्टिशनांवर धोक्याची कामं रोखणारं कुलूप लावलं. मग माझ्या पार्टिशनचं प्रोफाइल: दोन आयएफएल, सामायिक, सोळा जीबी मेमरी. सुरक्षेच्या पानावर एक चौकट होती, इतर पार्टिशनांवर अधिकार देणारी. मी माऊस जवळ नेला तर काका म्हणाले, “ती सोड.” एवढंच.

‘ॲक्टिव्हेट’ दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण मला ते दिसलं नाही. पार्टिशनला मेमरी मिळाली, प्रोसेसर मिळाले, पण आत कुणीच नव्हतं. ‘लोड’ वेगळं करावं लागतं. इन्स्टॉलरच्या फाइली एफटीपी सर्व्हरवर होत्या, त्यातली ती छोटी यादीची फाइल दाखवली, आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेस’च्या खिडकीत ओळी येऊ लागल्या. माझ्या ओळखीच्या ओळी! कर्नलचे तेच शब्द. तीन आठवड्यांनी घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. एक फरक होता. इथे एकेक ओळ टाइप करून पाठवायची.

डिस्क चालू करायची होती. इन्स्टॉलर आपण होऊन सगळ्या डिस्का दाखवत नाही, हव्या त्यांचे नंबर द्यावे लागतात. माझी डिस्क ४ए०१. मी ४ए१० टाइप केलं.

आणि यंत्र ‘नाही’ म्हणालं नाही. डिस्क निमूटपणे चालू झाली. पुढची पायरी फॉरमॅटची. ‘डॅझडी-एफएमटी’ विचारतो की सगळं पुसलं जाईल, नक्की ना, ‘येस’ लिहा. हात सवयीने ‘येस’ लिहिणाराच होता. पण काकांची एक शिस्त होती. फॉरमॅटच्या आधी डॅझडीव्ह्यूने लेबल बघायचंच. मला ती कंटाळवाणी वाटायची. लेबल काढलं, तर तिथे सहा अक्षरी नाव, झेड/ओएसच्या डिस्कांना देतात तसलं. रिकामी डिस्क नव्हती ती. पलीकडच्या पार्टिशनमध्ये त्या क्षणी चाचणीचे जॉब चालू होते, आणि त्यातले काही याच डिस्कवर.

“काका,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी पडदा पाहिला. “ऑफलाइन कर.” केली. मग म्हणाले, “आता सांग, तुला ती दिसली कशी?”

मेमरीत भिंत होती. प्रोसेसरमध्ये होती. माझं पार्टिशन शेजाऱ्याच्या मेमरीचा एक बाइटही वाचू शकलं नसतं, आणि तेवढ्यावर मी निर्धास्त होते. पण डिस्ककडे जाणाऱ्या चॅनेलांच्या यादीत माझं पार्टिशन मीच घातलं होतं. एचसीडीमध्ये प्रत्येक डिस्कला विचारलेलं असतं, की ती निवडक पार्टिशनांनाच द्यायची का. तिथे ‘नो’ असेल तर ज्याला चॅनेल, त्याला डिस्क. सगळीकडे ‘नो’ होतं. मी बदललं नव्हतं, कारण मला तो प्रश्न कळलाच नव्हता आणि कळला नाही म्हणून मी तो ओलांडून गेले होते. पाटकरी पाण्याचा होता. रानाचा बांध कुणी घालायचा, हे त्याच्याकडे नव्हतंच.

त्या दिवशी लिनक्स बसलं नाही. फॉरमॅट न करता पार्टिशन डीॲक्टिव्हेट केलं आणि मी दिवसभर त्या डिस्कांच्या याद्या भरत बसले. साठेक डिस्का, प्रत्येकीपुढे ‘येस’, मग पार्टिशनांची नावं. काकांनी मध्ये एकदा पोहे आणून ठेवले. ते गार झाले.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिकडचे अकरा, इकडचे साडेआठ, आईचा फोन. या वेळी मी मुद्दाम, हात धुऊन, ४ए१० टाइप केलं. यंत्राने असं काही उपकरणच नाही म्हणून सांगितलं. काका शेजारी चष्मा पुसत होते. “परत एकदा कर,” म्हणाले. परत तेच उत्तर.

मग ४ए०१.

दुपारी लिनक्स वर आलं. मी ‘/प्रॉक/सिसइन्फो’ उघडून पाहिलं. त्यात यंत्राचा प्रकार होता, ३९०७. पार्टिशनचं नाव होतं, क्रमांक होता. शेजाऱ्यांपैकी कुणाचंही नाव नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावरच्या तीन खुणांपैकी दोन पडद्यावर जुळल्या. तिसरी कुठे बघायची, हे काकांना विचारलं.

“आत्ता नको,” काका म्हणाले.