सांगलीचा बग

गेल्या दिवाळीतली गोष्ट. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, सांगलीला घरी बसून एका जर्मन कंपनीचं काम करतो. फराळाची ताटली घेऊन वर गेलो तर स्वारी स्क्रीनकडे बघत गप्प! म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, "काही नाही रे, म्युनिकच्या त्या पोराचा पगार कळला." दोघं एकाच मोड्यूलवर, एकमेकांचा कोड तपासणारे. त्याचा पगार दादाच्या सव्वातीन पट.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुझा बग सांगलीचा, म्हणून तो स्वस्त?"

दादा हसला. तिकडचं घरभाडं, तिकडचा टॅक्स, हे सगळं त्याने सांगून बघितलं. मग स्वतःच म्हणाला, "पण खर्चाचं हे निमित्त आहे. खर्च बघून पगार देत असते तर चार पोरांच्या बापाला जास्त मिळाला असता." कंपनी बघते ते एवढंच, की हेच काम करणारा दुसरा माणूस इथे केवढ्याला मिळेल. गिटलॅब तर हे उघडच सांगते आणि पगाराच्या हिशेबात ठिकाणाचा गुणक लावते. मे २०२० मध्ये फेसबुकच्या झुकरबर्गनेही जाहीर केलं होतं, की स्वस्त गावी राहायला गेलात तर पगार तिथल्या दराने. उलट बेसकॅम्पने २०१७ साली ठरवलं, माणूस कुठेही राहो, दर सॅन फ्रान्सिस्कोचा. अर्थात ती कंपनी अगदी छोटी, त्यांना परवडलं.

आता भाजी सांगलीच्या भावाने मिळते, मान्य. पण लॅपटॉप? आणि पिंकीला अमेरिकेत एमएसला पाठवायचंय, त्यासाठी दादा दोन वर्षं पैसे साठवतोय. त्या युनिव्हर्सिटीला जरा सांगून बघा, की आम्ही सांगलीचे, फी सांगलीच्या दराने घ्या!

मी असा तावातावाने बोलत होतो. दादाने मला मध्येच थांबवलं. "सारखाच पगार द्यायचा असता, तर त्यांनी मला इथवर शोधत आले असते का?"

यावर मला काही सुचेना. अजूनही सुचलेलं नाही. म्युनिकला ये, तिथला पगार घे, असं कंपनी त्याला म्हणाली होती. पण काकांची बायपास झालेली, हा जाणार कसा? म्हणजे त्या सव्वातीन पटीतला फरक खरं तर तो काकांजवळ राहण्यासाठी मोजतोय. हे त्याच्या कंपनीच्या कुठल्याच हिशेबात येत नाही.

मी म्हटलं, निदान वाढ तरी माग. "मागतोय," म्हणाला, आणि फॉर्म उघडला. पहिलाच रकाना शहराचा. यादीत मुंबई होतं, पुणे होतं, बंगळूर होतं. सांगली नव्हतं. दादाने खाली जाऊन 'भारत, इतर' वर क्लिक केलं आणि ताटलीतली चकली उचलली.