साडेतीन

देवाधर्माच्या दरबारात पूर्णांकांची गर्दी फार. तीन देव, सात ऋषी, नऊ ग्रह, बारा ज्योतिर्लिंगं. सगळे अखंड, सगळे तोऱ्यात. त्यांच्या पंक्तीत महाराष्ट्राने एका अपूर्णांकाला मानाचा पाट दिला. त्याचं नाव साडेतीन. या सगळ्या दरबारात मला जवळचा वाटतो तो हाच.

त्याचा वावर केवढा! पंचांग न उघडता शुभकार्य करावं असे मुहूर्त साडेतीन: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा. देवीची पीठं साडेतीन: कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि अर्धं पीठ वणीची सप्तशृंगी. पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण बुद्धी अचाट असली तरी नाना तलवारीचे नव्हेत. जुन्या शाळांत पोरं औटकीचा पाढा घोकायची, तो याचाच.

याचा स्वभाव कळायला वणीचा गड चढावा. कड्याच्या दगडातच घडलेली, सुमारे आठ फूट उंचीची, अठरा हातांची देवी. एकेका हातात एकेक आयुध, आणि मान मात्र किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी माहात्म्य सांगतात आणि आई कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा आहे. एवढा शस्त्रसंभार पेलून जी ऐकायला थांबते, तिचं हे अर्धं पीठ. पण अर्धं म्हणून कुणी तिची ओटी अर्धी भरत नाही, की नवस अर्धा फेडत नाही.

हे अर्धेपण येतं कुठून? जाणते लोक ॐकाराकडे बोट दाखवतात. अ, उ, म या तीन मात्रा तोंडाने म्हणता येतात. त्यापुढची अर्धमात्रा उच्चारता येत नाही. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात ब्रह्मदेव देवीची स्तुती करतो, तेव्हा तो तिला हीच अनुच्चार्य अर्धमात्रा म्हणतो. म्हणजे साडेतीनातले तीन आपल्या आवाक्यातले; वरचा अर्धा तिचा. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी निजवली ती साडेतीन वेढ्यांतच.

आणि देवीजवळ बसणारा हा आकडा माणसालाही सोडत नाही. प्रत्येकाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात. कितीही जमीन जोडा, शेवटी लागणारी जागा तेवढीच, हे आपल्याकडे अडाणी म्हातारीही सांगते. सत्तेलाही त्याने माप घालून दिलं. घटका 24 मिनिटांची. औट म्हणजे साडेतीन, म्हणून औटघटकेचं राज्य म्हणजे अवघी 84 मिनिटं. एवढ्यासाठी किती माणसं मान ताठ करून हिंडतात! साडेतीन त्यांच्यावर ओरडत नाही. नुसता शेजारी उभा राहतो आणि त्यांची उंची दाखवतो.

त्याचा सगळ्यात मोठा गुण दिवाळीत दिसतो. वामनाने तीन पावलं मागितली आणि त्यांत बळीराजाचं सारं गेलं. तो पाताळात लोटला गेला. पुराणाचा हिशेब तीनवर मिटला. लोकांनी मात्र तो मिटू दिला नाही. त्यांनी बळीच्या नावाने कार्तिकातली प्रतिपदा राखली आणि तिला अर्ध्या मुहूर्ताचा मान दिला. त्या दिवशी व्यापारी नव्या वह्या सुरू करतात, बायका नवऱ्याला ओवाळतात, आणि शेतकऱ्याच्या घरात बळीचं राज्य पुन्हा यावं म्हणून मागणं मागितलं जातं. जिंकणाऱ्याच्या तीन पावलांपुढे हरलेल्या राजासाठी अर्धी जागा राखणारा हा आकडा मला कुठल्याही पूर्णांकाहून पूर्ण वाटतो.