दोन दिवसांचे हैदराबाद

दोन दिवसांच्या मुक्कामात एखाद्या मोठ्या शहरातील संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तू शाळकरी मुलांना कशा दाखवाव्यात, याविषयी अनुभवाच्या आधारे काही लिहावे, अशी सूचना या अंकाच्या संपादकांनी केली, आणि ती मी आनंदाने स्वीकारली; कारण इतिहासाचा शिक्षक म्हणून बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या पंचक्रोशीतील शाळांच्या सहली आखण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला आणि सेवानिवृत्तीनंतरही हे काम माझ्या हातून सुटलेले नाही. एसटीशी प्रासंगिक करार करणे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणणे आणि पालकांची संमतिपत्रे गोळा करणे एवढ्यातच सहल आखली जाते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ही दफ्तरी कामे उरकल्यानंतर, कोणती वस्तू कोणत्या प्रहरी आणि कोणत्या क्रमाने दाखवायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणती दाखवायची नाही, हा खरा विचार सुरू होतो. पण तो करणारा माणूस मला क्वचितच भेटतो.

आमच्या भागात सहलीचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच असतो. दिवाळी आटोपली की निम्म्या मुलांचे आईबाप कोयते घेऊन दूरच्या कारखान्यांकडे निघून जातात, आणि संमतिपत्रावर अंगठा उठतो तो घरी राहिलेल्या आजीचा. सहलीचे पैसे कशातून बाजूला पडलेले असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या मुलांचे दोन दिवस रस्त्यावर आणि रांगांमध्ये उधळण्याचा अधिकार उरत नाही, अशी माझी धारणा आहे.

मुंबई आणि पुणे मला प्रिय असूनही मी प्रथम हैदराबादचा आग्रह धरतो. परळीहून विकाराबादमार्गे रेल्वेने तिकडे जाता येते, ही सोय झाली. परंतु मुख्य कारण असे की १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या ज्या राज्यात होता, त्याची ती राजधानी. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी जिल्हाधिकाऱ्याला ‘तालुकदार’ म्हणण्याची सवय कितीतरी वर्षे टिकून होती, आणि ते पद ज्या हुकमाने निर्माण झाले तो हुकूम याच शहरातून सुटला होता.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेचा कार्यक्रम मी नजरेखालून घालावा म्हणून माझ्याकडे आला. गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा, चारमिनार, बिर्ला मंदिर आणि हुसेनसागर हे सारे एकाच दिवसात, आणि दुसरा संपूर्ण दिवस रामोजी फिल्म सिटीला! त्यातही पहिला दिवस शुक्रवार होता. सालारजंग आणि चौमहल्ला ही दोन्ही ठिकाणे शुक्रवारी बंद असतात, हे मी तात्काळ कळविले. परंतु गाडीचा करार झालेला होता, तारीख बदलली गेली नाही, आणि मुले बंद दारे पाहून परतली. पालकांच्या सभेत मात्र किती ‘पॉइंट’ झाले एवढाच प्रश्न निघाला, आणि यादीतील संख्या भरल्यामुळे सर्वांचे समाधान झाले, ही गोष्ट मला अद्याप सलते आहे.

माझी आखणी नदीवरून सुरू होते. सालारजंग संग्रहालय मुसी नदीच्या दक्षिण तीरावर आहे आणि चौमहल्ला व चारमिनार त्याच तीरावर, एकमेकांपासून जवळ आहेत. म्हणून पहिल्या दिवशी नदी ओलांडून पुन्हा उत्तरेकडे यायचे नाही. सकाळी दहाला संग्रहालय उघडताच आत जावे, दुपारच्या जेवणानंतर चौमहल्ला पाहावा, आणि ऊन उतरल्यावर १५९१ साली मुहम्मद कुली कुत्बशहाने उभारलेल्या चारमिनारपाशी मुलांना मोकळे सोडावे. दोन तासांनंतर मुलांचे डोळे पाहतात पण मन पाहत नाही. तेव्हा सालारजंगच्या तीसहून अधिक दालनांतून फिरविण्याऐवजी मी पाच-सहा वस्तू निवडतो आणि प्रत्येकीपुढे मुलांना बसवून बोलतो.

येथे एका वादाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. हा अवघा संग्रह एकट्या माणसाने जमविला, असे वाटाड्ये सांगतात, सहलीची पत्रके सांगतात आणि शिक्षकही सांगतात. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, हे थोर संग्राहक होते यात संशय नाही. १९१२ ते १९१४ या काळात त्यांनी निजामाची दिवाणगिरी केली, आणि ती सोडल्यावर उर्वरित आयुष्य व जहागिरीचे उत्पन्न वस्तू जमविण्यात खर्च केले. १९४९ साली ते अविवाहित वारले, आणि १९५१ साली त्यांच्या दिवाण देवडीत संग्रहालय खुले झाले. परंतु ज्या ‘बुरख्यातील रिबेका’साठी लोक दुरून येतात, ती बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची संगमरवरी मूर्ती १८७६ साली रोममध्ये घेतली ती पहिल्या सालारजंगांनी, म्हणजे मीर तुराब अली खान यांनी, आणि तिसऱ्यांचा जन्म १८८९ सालचा! जन्मापूर्वी तेरा वर्षे घरात आलेली वस्तू नातवाच्या नावे जमा करणे हा कोणत्या हिशेबाचा न्याय? मधल्या पिढीचे, दुसऱ्या सालारजंगांचे, नाव तर कोणी घेतच नाही.

हा आग्रह केवळ तपशिलाच्या शुद्धतेसाठी मी धरीत नाही. पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामाचे दिवाण होते. त्यांच्या हाती कारभार आला तेव्हा सारावसुलीचे मक्ते दिलेले होते, सावकार आणि अरब-रोहिल्यांचे जमादार यांच्याकडे महालच्या महाल गहाण पडले होते, आणि रयतेकडून किती वसूल झाले व खजिन्यात किती पोचले याची रुजवात घालणे दुरापास्त होते. त्यांनी क्रमाक्रमाने मक्ते मोडले आणि १८६५ साली जिल्हाबंदी अमलात आणून, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमून, नियमित कचेऱ्यांचा पाया घातला. सातबाराच्या उताऱ्यासाठी बापाबरोबर माजलगावच्या तहसील कचेरीत गेलेल्या मुलाला रिबेकेसमोर बसवून मी हे सांगतो, तेव्हा तहसील कचेरी आणि ती मूर्ती यांच्यामागे एकच माणूस उभा आहे हे त्याला उमगते, आणि मग ते शहर त्याला परके राहत नाही. ‘एकट्याचा संग्रह’ म्हटले की हा सारा दुवाच तुटतो.

मूर्तीविषयी थोडेसे. चेहऱ्यावरील तलम वस्त्र आणि त्याखालचा चेहरा असे दोन थर तेथे नाहीत. दगड एकच आणि पृष्ठभागही एकच. घडीचा काठ उंच ठेवून मधली पातळी किंचित खोल नेल्यामुळे, प्रकाश पडताच आपली दृष्टीच त्याचे वस्त्र आणि चेहरा असे विभाजन करते. हे बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि बाजूने पाहण्यास गर्दी नको. त्यासाठी बाराची वेळ उत्तम. कारण चौकातील घड्याळातून दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येऊन घंटेवर बारा टोले देतो, ते ऐकण्यास सारे लोक तेथे जमलेले असतात. माझी मुले तो पुतळा अकरा वाजताच पाहून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, गोवळकोंडा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवून ती वर बालाहिसारपर्यंत पोचते का हे पाहण्यात मुलांचा वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. ध्वनीचे परावर्तन फळ्यावर शिकविण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. वर पोचल्यावर मात्र १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे याच हैदराबादेत, आले, अबुल हसन कुत्बशहाची त्यांनी भेट घेतली आणि त्या स्नेहामागे त्याचे दिवाण मादण्णापंत यांचे राजकारण होते, हे सांगितल्याशिवाय मी कोणालाही खाली उतरू देत नाही. दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला.

तिसऱ्या प्रहरी, गाडीच्या वेळेपूर्वी, मी मुलांना पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात नेतो. तेथील इजिप्तच्या ममीकडे ती धावतात. मला ओढ असते ती अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींची. १९१४ साली स्थापन झालेल्या निजामाच्या पुराणवस्तू खात्याकडे, गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली, अजिंठ्याच्या जतनाचे काम होते. म्हणून आमच्या लेण्यांच्या या प्रती आज तेलंगणाच्या राजधानीत आहेत. बीड जिल्ह्यातील बहुतेक मुलांनी मूळ लेणी पाहिलेली नसतात, आणि आपल्याच प्रांतातील चित्रे प्रथम परप्रांतात, कागदावर-कापडावर पाहावी लागतात, याचे मला दुःख होते. प्रती आधी दाखवाव्यात की मूळ, याचा निर्णय माझ्याने आजवर झालेला नाही. प्रतीत रेषा स्पष्ट दिसतात आणि गुहेतील अंधारात त्या शोधाव्या लागतात, तेव्हा प्रतीने डोळा तयार होतो, असेही एक मन म्हणते. पण ज्या शाळेला मी हैदराबादची आखणी करून देतो, तिच्याकडून पुढील वर्षीच्या अजिंठा-वेरूळच्या सहलीचा अर्ज त्याच बैठकीत लिहून घेतो, आणि त्यावर तारखा घालताना अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते हे मुख्याध्यापकांना दोनदा वाचून दाखवितो.