शेपूट नसलेले विमान

वाचकहो, नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगाव बसवंतकडे निघालात, की आडगाव आणि दहावा मैल मागे टाकून आपण ओझरला पोहोचता. बाणगंगेच्या काठचे हे गाव द्राक्षांइतकेच विमानांसाठी ओळखले जाते. १९६४ मध्ये येथे मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. मिग-२१ आणि मिग-२७ येथे तयार झाली, आणि या शतकात सुखोई-३०. शेजारीच हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. त्यामुळे या परिसरात आकाशात गडगडाट झाला, तरी बागेत छाटणी करणारा मजूर मान वर करीत नाही. सुखोई गेले, एवढे त्याला पुरेसे असते.

ओझरच्या पुढे, महामार्गापासून थोडे आत, माझ्या मामांचा मळा आहे. मामांचे वय त्र्याऐंशी. उमेदीची सारी वर्षे त्यांनी याच कारखान्यात फिटर म्हणून काढली. मिग-२१चे अंग न् अंग त्यांच्या हाताखालून गेलेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्या विमानाला हवाई दलाने निरोप दिला, तो सोहळा दूरचित्रवाणीवर पाहून ते दोन दिवस फारसे बोलले नव्हते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, वसुबारसेच्या संध्याकाळी, मामेभावाच्या पत्नीचा मला दूरध्वनी आला. आवाजात काळजी होती. "भाऊजी, अण्णांना भास होतोय. दुपारपासून एकच घोकतायत, शेपूट नसलेलं विमान गेलं म्हणून. नाव विचारलं तर सांगता येत नाही. आम्ही समजावलं तर चिडतात."

वैद्यकीय शिक्षण माणसाला काही प्रश्न फार लवकर सुचवते. ताप आहे का? लघवीला जळजळ होते का? नवी गोळी सुरू झाली आहे का? वृद्ध माणसाच्या बोलण्यात अचानक फरक पडला, तर जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, औषधांचा दुष्परिणाम यांचा विचार करावाच लागतो. मी तो केला, ते योग्यच होते. रक्त-लघवीची तपासणी सांगितली. पण रात्री ते अस्वस्थ राहू नयेत म्हणून झोपेची अर्धी गोळीही सुचवली, आणि तीही त्यांच्याशी एक शब्द न बोलता. तपासण्या निर्दोष आल्या. गोळी मात्र चालू राहिली. तिसऱ्या पहाटे स्नानगृहाकडे जाताना मामांचा तोल गेला. नातवाने वेळीच धरले म्हणून खुब्याचे हाड वाचले. मी गोळी बंद करायला सांगितली आणि भाऊबीजेला आईला घेऊन ओझरला गेलो.

ओवाळणी झाल्यावर मामांच्या शेजारी अंगणात बसलो आणि जो प्रश्न सहा दिवसांपूर्वी विचारायला हवा होता, तो विचारला. "मामा, तुम्ही नेमके काय पाहिलेत?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिले. मग उरलेली रांगोळी चिमटीत घेऊन ते फरशीवर वाकले. पहिली आकृती मोठी होती. "हे सुखोई. दोन इंजिनं, मागं दोन उभी शेपटं, आणि नाकाजवळ दोन छोटे पंख." दुसरी आकृती निमुळती. "हे आपलं एकवीस. पंख त्रिकोणी, पण मागं आडवं शेपूट वेगळं. नाकाशी हवा घ्यायला गोल तोंड." तिसरी आकृती लहान आणि आटोपशीर. "आणि हे परवाचं. पंख त्रिकोणी, इंजिन एक, उभं शेपूट एक. आडवं शेपूटच नाही. अरे, पंखाची पुढची कड बघ, सरळ नाही, मध्ये मोडलेली आहे. मिराजची सरळ असते. म्हणून मिराज नव्हे. नाव अगदी ओठावर होतं, आलंच नाही."

मी त्या रांगोळीकडे पाहत राहिलो. १७ ऑक्टोबर २०२५, म्हणजेच त्या वसुबारसेच्या दिवशी, ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या 'तेजस मार्क १ए' विमानाने संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत उड्डाण केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती बातमी मी स्वतः वाचली होती. कारखान्यात मोठा कार्यक्रम आहे, हे मळ्यातील सर्वांनाही ठाऊक होते. तरीही बातमीतले विमान आणि मामांचे विमान यांची सांगड आमच्यापैकी कोणीच घातली नाही. कारण माझ्यापर्यंत मामांचे शब्द पोहोचण्याआधी 'भास' हे निदान पोहोचले होते.

"तेजस," मी म्हणालो.

"तेजस!" मामांनी मांडीवर थाप मारली. "तेच. आणि तुम्ही मला झोपवत होतात."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी क्षमा मागितली.

वाचकहो, आता या प्रसंगाकडे वैद्याच्या नजरेने पाहू या. मामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. डोळ्यात बसवलेले भिंग बहुधा दूरचे स्पष्ट दिसावे असे निवडतात. वाचायला मात्र चष्मा लागतो. दिवाळीच्या आवराआवरीत मामांच्या चष्म्याची काडी मोडली होती. म्हणून आकाशातील पंखाची कड त्यांना दिसली, पण वर्तमानपत्रातील बातमी वाचता आली नाही. कानांचेही तसेच. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. सुनेचे बोलणे त्यांना निसटते ऐकू येते, पण विमानाची खर्जातील घरघर सर्वांआधी कळते. आणि नाव ओठावर येऊन अडणे हे उतारवयात नित्याचेच आहे. वस्तूचे वर्णन बिनचूक करता येत असेल, तर तेवढ्यावरून बुद्धिभ्रम ठरत नाही.

खरा भासही असतो, हे मी नाकारत नाही. दृष्टी फार अधू झालेल्या काहींना माणसे, फुले, नक्षी अशा आकृती दिसतात. त्या खऱ्या नाहीत हे त्यांना बहुधा कळते, आणि ते वेडाचे लक्षण नसते. अचानक संभ्रम होतो, तेव्हा मात्र लक्ष एका जागी टिकत नाही, बोलणे असंबद्ध होते, तासातासाला अवस्था बदलते, दिवसरात्र उलटते. असे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. पण त्याआधी, किंवा निदान त्याबरोबर, त्या माणसाला विचारावे: काय दिसले? कुठे? केव्हा? कशासारखे? उत्तर सुसंगत असेल, तर एकदा खिडकीबाहेरही पाहावे. आणि झोपेची गोळी वृद्धांना कधीही केवळ घरच्यांच्या सोयीसाठी देऊ नये; पडण्याचा धोका तिने वाढतो. हे मला पाठ होते. मी ते पाळले नाही.

डिसेंबरमधील एका सकाळी मी पुन्हा मळ्यावर गेलो, या वेळी मामांचा विद्यार्थी म्हणून. आम्ही गच्चीवर बसलो होतो. उत्तरेला सातमाळ्याच्या रांगेवर धुके होते, खाली द्राक्षांचे घड भरू लागले होते. मामांनी हात वर केला. मला काहीच ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने घरघर आली आणि मी आवाजाच्या दिशेला पाहू लागलो.

"तिथं नाही. त्याच्या पुढं बघ," मामा म्हणाले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान तीन किलोमीटरवर असेल, तर आपल्या कानी पडतो तो जवळजवळ नऊ सेकंदांपूर्वीचा आवाज. विमान तोवर पुढे निघून गेलेले असते. मी नजर पुढे सरकवली, आणि ते सापडले. लहान, करडे, झपाट्याने वळणारे. वळताना त्याची पाठ आमच्याकडे झाली आणि संपूर्ण त्रिकोण उघडला. एक उभे शेपूट. आडवे नाही. पंखाची कड मध्ये मोडलेली.

"सांग," मामा म्हणाले.

"तेजस."

"रंगावरून नाही ना सांगितलंस? उन्हात सगळीच करडी दिसतात. आकारावरून सांगायचं."

आकारावरूनच सांगितले होते. मामा समाधानाने मागे टेकले.

आपल्या घरातही कोणाला आकाश पाहण्याची आवड असेल, तर ती अवश्य जोपासा. मात्र थोडी तयारी करा. गच्चीवर उभे राहून मान मागे टाकू देऊ नका, त्याने चक्कर येते. हाताची, पाठ किंचित कललेली खुर्ची द्या. खुर्ची कठड्यापासून दूर आणि सूर्याकडे पाठ करून ठेवा, डोक्यावर टोपी असू द्या, आणि दुर्बीण चुकूनही सूर्याच्या दिशेला जाऊ देऊ नका. जिन्याला धरायला कठडा हवा. पाण्याची बाटली जवळ असावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना जेटचा आवाज त्रासदायक वाटल्यास तेवढ्यापुरते यंत्र मंद करावे.

मामांकडे आता एक वही आहे. तारीख, वेळ, दिशा, इंजिने किती, शेपट्या किती, अशा रकाने आखलेल्या ओळी नातू लिहितो आणि मामा सांगतात. नवा चष्माही आला आहे, त्यामुळे लिहिलेले ते स्वतः तपासतात. माझ्या दवाखान्यातील कागदावरही त्या दिवाळीपासून एक रकाना वाढला आहे. नातेवाइकांनी सांगितलेली तक्रार वर लिहून झाली, की त्याखाली मी रुग्णाचे स्वतःचे शब्द लिहून घेतो. त्याला दोन-तीन मिनिटे अधिक लागतात.