उरलेल्या गोळ्या

एका घरांत उरलेलें औषध दुसऱ्या घरीं पोंचविणें हा आम्हां मध्यमवर्गीय लोकांच्या परोपकाराचा एक फार जुना प्रकार आहे. आमच्या आजीच्या बटव्यांत सुंठ, वेखंड, ओवा असल्या वस्तु असत, आणि त्यांतील एखादी शेजारणीस दिल्यानें फारसें बिघडण्याचा संभव नसे. बटवा गेला, त्याच्या जागीं औषधांचा डबा आला. परंतु देण्याघेण्याची आमची रीत मात्र बटव्याचीच राहिली. ह्या रीतीपायीं आमच्या हातून केवढा अनर्थ होणार होता, तें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या चिरंजीवांस अठराव्या वर्षीं तारुण्यपीटिकांनीं ग्रासलें. ह्या शब्दांत थोडें काव्य आहे. प्रत्यक्ष रोगांत तें मुळींच नव्हतें. गालांवर व पाठीवर बोराएवढ्या, ठणकणाऱ्या गांठी. उशीच्या अभ्र्यावर रक्तपुवाचे डाग. आणि बऱ्या झालेल्या गांठींच्या जागीं खड्डे! ‘वयाचा धर्म आहे, जाईल आपोआप’ असें म्हणून आम्हीं दोन वर्षें काढलीं. मुलगा लग्नकार्यास येईनासा झाला, तोंड धुतांना आरशापुढील दिवा मालवूं लागला, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले.

मलमें व जंतुनाशक गोळ्या ह्यांनीं गुण येईना, म्हणून त्वचारोगाच्या डॉक्टरांनीं ‘आयसोट्रेटिनॉइन’ देण्याचें ठरविलें. हें औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच कुळांतलें. अमेरिकेंत त्यास १९८२ सालीं परवानगी मिळाली. त्वचेंतील ज्या ग्रंथि तेलकट द्रव्य स्रवतात, त्यांसच तें आकसवितें. त्यामुळें रंध्रें तुंबत नाहींत व तेथील जंतूंचें पोषण खुंटतें. ह्याचा गुण पुष्कळांस औषध संपल्यावरही टिकतो.

डॉक्टरांनीं आरंभीं यकृताची व रक्तांतील चरबीची तपासणी करविली. ती मध्यंतरींही करविली. मात्रा वजनावरून ठरली. शरीराच्या दर किलोस एकंदर १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटांत जावें, असा सर्वसाधारण हिशेब. मुलाचें वजन ६० किलो; म्हणजे निदान ७,२०० मिलिग्रॅम. पहिला महिना रोज २०, पुढें रोज ४०. असे सुमारें साडेसहा महिने. गोळी तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यावयाची. एरव्हीं ती अंगीं नीट लागत नाहीं. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या वर्ज्य. टेट्रासायक्लीन वर्गांतील जंतुनाशकेंही वर्ज्य, कारण दोहोंच्या संयोगानें डोक्यांतील दाब वाढूं शकतो. उन्हापासून जपावें. मन उदास होऊं लागलें, तर तें न दडवितां तत्काळ कळवावें. औषध चालू असतां व संपल्यावर एक महिना रक्तदान करूं नये. हें सर्व आम्हीं एका वहींत टिपून घेतलें.

पहिल्या महिन्यांत पुटकुळ्या उलट वाढल्या, ओठ फुटले, नाकांतून दोनदां रक्त आलें. ‘बंद करा तें विष,’ असा घरांतून निकाल मिळाला. परंतु असें होऊं शकतें हें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. त्यांस पुन्हां विचारून आम्ही धीर धरून राहिलों. पांचव्या महिन्यांत मुलगा एका लग्नास आपण होऊन निघाला. डॉक्टरांनीं औषध थांबविलें तेव्हां एक पट्टी उरली होती. ती डब्यांत गेली.

दिवाळींत आमची पुतणी माहेरपणास आली. लग्न होऊन सहा महिने झाले होते. तिच्या हनुवटीवर पुटकुळ्या पाहून आम्हीं डबा उघडला, ती पट्टी मोठ्या प्रेमानें तिच्या हातांत ठेविली, आणि ‘अगदीं रामबाण आहे’ अशी ग्वाहीही दिली.

मार्गशीर्षांत ती पुन्हां आली, आणि पट्टी जशीच्या तशी आमच्यापुढें ठेवून म्हणाली, “काका, हिच्या मागं काय लिहिलंय तें वाचलंत का? तुम्हीं दिलीत तेव्हांच मला दिवस गेले होते, आणि मला पत्ताही नव्हता.”

साडेसहा महिने घरांत वावरलेल्या त्या औषधावरील सूचना आम्हीं त्या दिवशीं प्रथम चष्मा लावून वाचली. गर्भाच्या मेंदूस, हृदयास, कानांस, चेहऱ्यास ह्या औषधानें गंभीर व्यंग येऊं शकतें. थोड्या दिवसांचें सेवनही त्यास पुरें होतें. म्हणूनच गर्भधारणेचा संभव असलेल्या स्त्रीस तें देण्यापूर्वीं गर्भ नसल्याची खात्री करून घेतात, आणि औषधापूर्वीं एक महिना, औषध चालू असतां व नंतर एक महिना गर्भनिरोध पाळावयास सांगतात. अमेरिकेंत २००६ पासून डॉक्टर, विक्रेता व रोगी ह्या तिघांचीही नोंद झाल्यावांचून तें मिळत नाहीं. आमच्या मुलास रक्तदानाची मनाई कां होती, ह्याचाही उलगडा तेव्हां झाला. तें रक्त कोणा गर्भवतीस चढविलें गेलें तर? नियम आमच्या वहींत होता. त्याचें कारण विचारण्याची बुद्धि आम्हांस झाली नव्हती.

हें वाचून कोणी औषधासच भिऊं लागेल, तर आमचा हेतु फसला म्हणावयाचा. त्याच गोळ्यांनीं आमच्या मुलास चारचौघांत तोंड दाखविण्याचें धैर्य परत दिलें. परंतु त्या गोळ्या त्याच्या वजनास, त्याच्या रक्ताच्या तपासणीस आणि त्याच्या डॉक्टरांच्या नजरेस बांधलेल्या होत्या. त्या बंधनांतून सोडवून त्या दुसऱ्यास देण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता? ती पट्टी आम्हीं डॉक्टरांच्या स्वाधीन केली.

पुतणीस आषाढांत मुलगी झाली. बारशाच्या दिवशीं तिला कोणींसें आमच्या मांडीवर ठेविलें. तिचे कान, तिचें नाक, तिचीं बोटें आम्ही कितीतरी वेळ पाहत बसलों होतों. मंडळींस वाटलें, आजोबांस नातीचें फार कौतुक आहे.