गळत नाही म्हणजे शाबूत?

एंडोस्कोपी युनिटमध्ये स्कोपच्या तब्येतीचा निवाडा बहुतेक ठिकाणी एकाच चाचणीवर होतो. लीक टेस्टर जोडायचा, आत हवा भरायची, स्कोप पाण्यात धरून टिप चारी बाजूंना वाकवायची आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे. बुडबुडा नाही आला की रजिस्टरमध्ये 'ओके', आणि स्कोप धुण्याच्या पुढच्या टप्प्याला मोकळा. ही चाचणी हवीच. ती चुकवून स्कोप जंतुनाशकात बुडवला आणि पाणी आत शिरले तर खर्च लाखांत जातो. पण ती फक्त भोक आहे की नाही एवढेच सांगते. बायोप्सी चॅनेल आतून कसे झाले आहे हे तिला कळतच नाही, आणि जंतूंना घर करायला भोक लागत नाही. खरवडलेली जागा आणि थोडी ओल त्यांना पुरते. म्हणून माझे म्हणणे असे, की लीक टेस्टइतकेच चॅनेल आतून डोळ्यांनी पाहणे हे नेहमीच्या कामात धरले पाहिजे, आणि मोठ्या शहरांपेक्षा आपल्या अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात त्याची गरज जास्त आहे.

गॅस्ट्रोस्कोपचे चॅनेल साधारण 2.8 मिलिमीटर व्यासाचे, टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकचे. त्यात बारीक बोअरस्कोप, म्हणजे नळी आतून दाखवणारा कॅमेरा, सरकवला की पडद्यावर नव्या नळीची भिंत पांढरी आणि एकसारखी गुळगुळीत दिसते. वापरलेल्या नळीत पहिल्यांदा दिसतात ते लांबट ओरखडे. फोर्सेप्स रोज आतबाहेर होतो, त्याचे ते. टिपेजवळ, जिथे स्कोप वाकतो, तिथे ओरखडे दाट होतात, कारण टिप पूर्ण वळवलेली असताना फोर्सेप्स रेटला की त्याचे टोक भिंतीला घासतच जाते. कधी प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटून लोंबत असतो. इंजेक्शनची सुई आवरणाबाहेर राहिली असताना ढकलली गेली असेल तर नेमकी टोचल्याची खूण असते, आणि ती आरपार गेलेली नसेल तर लीक टेस्ट तिला बिनदिक्कत पास करते. वाळवून कपाटात टांगलेल्या स्कोपमध्येही पाण्याचे थेंब ओळीने बसलेले सापडतात. तपकिरी डाग दिसला तर तो गंज, जंतुनाशकाचा रंग की राहिलेली घाण, हे नुसते पाहून ठरवता येत नाही. पुन्हा ब्रश फिरवून पाहावे लागते.

याला पुरावा काय? 2012 मध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात एका ड्युओडेनोस्कोपमुळे (पित्तनलिकेच्या कामासाठी वापरायचा स्कोप) 22 रुग्णांपर्यंत औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास हा जंतू पोचला. तो स्कोप सुटा करून पाहिला तेव्हा टिपेच्या उचलपट्टीखालच्या खोबणीत तेच जंतू निघाले. 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयातही असाच उद्रेक झाला आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना जाहीर इशारा द्यावा लागला. त्यानंतर कोरी ऑफस्टेड यांच्या गटाने 20 गॅस्ट्रोस्कोप आणि कोलोनोस्कोप सात महिने बोअरस्कोपने पाहिले. अखेरीस प्रत्येकात काही ना काही बिघाड, डाग किंवा ओल आढळली. हे सगळे स्कोप रोजच्या वापरातले होते, कुणी मोडीत काढलेले नव्हते. स्कोप धुण्याविषयीच्या अमेरिकेच्या 2021 च्या एसटी-91 मानकात बोअरस्कोपचा उल्लेख आला तो काही हौसेने नव्हे.

आपल्याकडे हे पटवायला खरे तर साखर कारखाना पुरे. गळीत संपले की बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट होते, पण तेवढ्यावर इन्स्पेक्टर सही करत नाही. ड्रम उघडतो, क्षार किती साचले, पत्रा कुठे खाल्ला गेला ते आतून पाहतो. प्रवरेच्या काठी लोणीला 1950 च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि 1984 मध्ये त्याच लोणीत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. बॉयलर आतून पाहायला कायदा आहे, पोटात जाणाऱ्या नळीला तसा नाही. शिवाय क्षारांचा प्रश्न इथेही आहेच. प्रवरा-मुळेच्या लाभक्षेत्रात कित्येक गावांतले बोअरचे पाणी जड, कुठे खारटच. शेवटचे धुणे अशा पाण्याने झाले की चॅनेलमध्ये पांढुरकी पूड बसते, एअर-वॉटरचे तोंड चोंदते, आणि मग दोष मशीनला दिला जातो. शेवटच्या धुण्याला गाळलेले आरओ पाणी आणि नंतर किमान दहा मिनिटे दाबाची हवा, ही काही चैन नव्हे.

आक्षेप आहेत, आणि त्यातला एक वजनदार आहे. ओरखडा दिसला म्हणजे रुग्णाला संसर्ग होणारच असे कुणी सिद्ध केलेले नाही, आणि ओरखडे तर महिनाभर वापरलेल्या नळीतही असतात. मग कशावर स्कोप बाद करायचा? हे मान्य. किती खोल ओरखडा चालतो याची सर्वमान्य रेषा नाही. पण म्हणूनच एकेका चित्रावर निकाल न देता त्याच स्कोपची मागची आणि आताची चित्रे शेजारी ठेवून पाहायची. मागच्या तिमाहीत नसलेला पापुद्रा आज दिसतो, डाग पुन्हा धुऊनही हटत नाही, वाळवूनही थेंब राहतात, या तीन गोष्टींवर स्कोप दुरुस्तीला पाठवायला रेषेची वाट पाहावी लागत नाही. खर्चाचा आक्षेप मला तितका टिकणारा वाटत नाही. साधा बोअरस्कोप स्कोपच्या एका मोठ्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. एकदाच वापरायचे स्कोप आणावेत असेही सुचवले जाते, आणि ड्युओडेनोस्कोपची टिप तरी सुटी करता यावी हा सल्ला 2019 मध्ये अमेरिकेने दिलाच. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात दर तपासणीला नवा स्कोप हे बिल रुग्णाच्या माथी जाणार, आणि कचऱ्याचा डोंगर वेगळाच.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि अडचण खरी इथेच आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या युनिटमध्ये एक स्कोप बाजूला काढला तर दुसरा असतो. इथे दोनच असतात, एक सर्व्हिस सेंटरला गेला की सकाळची सगळी यादी उरलेल्यावर येते. त्याला धुवायला आणि वाळवायला वेळ कमी मिळतो आणि तोच लवकर झिजतो. नळीत काय आहे हे सर्वात आधी धुणाऱ्या सिस्टरला किंवा टेक्निशियनला दिसणार. पण पेशंट उपाशीपोटी बाहेर बसलेले असताना 'हा स्कोप आज नको' म्हणण्याचा अधिकार तिच्याकडे कागदावर असावा लागतो, नाहीतर बोअरस्कोप घेऊनही तो कपाटातच राहील. यादी आदल्या संध्याकाळी तपासलेले स्कोप मोजून लावली, तर तो अधिकार वापरायची वेळही क्वचितच येईल.