नसलेल्या खणाचा प्रश्न

संगणकांत आपण माहिती सांठवितों ती पुष्कळदां एकांत एक ठेविलेल्या डब्यांप्रमाणें असते. विद्यार्थ्याच्या नोंदींत वडिलांची नोंद, तींत संपर्क, व संपर्कांत दूरध्वनीचा क्रमांक. जावास्क्रिप्ट भाषेंत हा क्रमांक मागावयाचा, तर विद्यार्थी.वडील.संपर्क.दूरध्वनी असें लिहितात. ह्या भाषेंत नांवें देवनागरींतही चालतात, हें पाहून आमच्या नववीच्या मुलांस मोठें कौतुक वाटलें.

ह्याच मुलांनीं स्नेहसंमेलनाचीं निमंत्रणें धाडण्यासाठीं एक छोटी आज्ञावली रचिली. चांचणींत ती आजीजवळ राहणाऱ्या एका मुलाच्या नोंदीपाशीं बंद पडली. तेथें वडिलांचा खणच नव्हता. येथें एक बारकावा आहे. नसलेला खण मागितला, तर यंत्र तक्रार करीत नाहीं. 'येथें कांहीं नाहीं' अशा अर्थाची खूण तें निमूटपणें हातीं देतें. परंतु त्या खुणेच्या पोटांत आणखी कांहीं शोधूं लागलें, कीं तें तात्काळ काम टाकितें. आडांतच नाहीं, तें पोहऱ्यांत कोठून येणार! एका नोंदीपायीं मागच्या सर्वांचीं निमंत्रणें अडलीं.

हें दुखणें जुनें आहे. टोनी होअर यांनीं १९६५ सालीं आल्गॉल डब्ल्यू ह्या भाषेंत असा रिकामा निर्देश प्रथम आणिला, आणि २००९ सालीं त्यास स्वतःच 'अब्ज डॉलरांची चूक' म्हटलें.

जावास्क्रिप्टमध्यें पूर्वीं प्रत्येक पायरीस && ह्या चिन्हानें 'हें आहे काय?' असें विचारीत जावें लागे. २०२० सालच्या प्रमाण आवृत्तींत ?. हें चिन्ह आलें. विद्यार्थी.वडील?.संपर्क?.दूरध्वनी असें लिहिलें, तर खण नसेल तेथें शोध थांबतो व आज्ञावली पुढें चालते. त्याच आवृत्तींत ?? हेंही आलें: डावीकडे कांहींच नसेल, तर उजवीकडचें घ्यावें. ह्या कामीं आधीं || वापरीत. पण त्यानें शून्य गुणही 'नसलेले' ठरत, आणि गुणपत्रकांत तो मुलगा गैरहजर दिसे. तीन तास बसून ज्यानें शून्य मिळविलें, त्याला गैरहजर म्हणणें मला तरी मान्य नाहीं.

मुलांनीं नवें चिन्ह जेथें तेथें पेरलें. आज्ञावली शेवटपर्यंत धांवली. पण आजीचें निमंत्रण निघालेंच नाहीं, आणि यंत्रानें चकार शब्द काढिला नाहीं. बंद पडणारी आज्ञावली निदान ओरडून सांगते. ही गप्प राहते, म्हणून मला हिचेंच भय अधिक.

मग आम्हीं एकेक खण तपासला. वडील नसणें हें कोणाच्याही घरीं संभवतें, तेथें?. ठेविलें, आणि ?? पुढें आजीचा क्रमांक मागितला. विद्यार्थी.नांव.आडनांव येथें मात्र तें चिन्ह घालूं दिलें नाहीं. नांव प्रत्येकास असतेंच. तें नसेल, तर नोंदवहींतच दोष आहे, आणि यंत्रानें तेथें अडावें हेंच इष्ट. ज्यांचा एकही क्रमांक मिळाला नाहीं, त्यांचीं नांवें वेगळ्या यादींत छापण्याची आज्ञा शेवटीं जोडली.

आजीजवळ दूरध्वनी नव्हताच. यादींत तिच्या नातवाचें नांव पहिलें आलें, आणि वर्गांतील दोघे जण पत्रिका घेऊन पायींच तिच्या घरीं गेले.